एकदाच विचारायचं

बेसनलाडवांची डिश उचलली गेली, तेव्हा मुलाच्या वडिलांचा हात तिच्यापर्यंत पोचतच होता. त्यांनी तो निमूटपणे चष्म्याकडे वळवला. डिश उचलायचा नियम माझाच होता.

मी शनिवार पेठेत विवाह मंडळ चालवते. जोडीला 'ग्रूमिंग'. म्हणजे नव्याने पैसेवाल्या झालेल्या मंडळींना जुन्या घराण्यांपुढे कसं बसायचं, बोलायचं ते शिकवायचं. मला कोणी शिकवलं, ते विचारू नका.

वाघोलीच्या तात्यांची जमीन गेली, बंगला आला, बंगल्यात लिफ्ट आली. त्यांच्या अश्विनीचं पेठेतल्या एका मुलाशी जमलं होतं. मुलाचे आई-वडील निवृत्त शिक्षक. ते पहिल्यांदाच घरी येणार होते.

"मॅडम, पोरीचा जीव गुंतलाय," तात्या म्हणाले. "आमच्या अडाणीपणापायी मोडाया नको."

"आग्रह बंद," मी त्यांच्या बायकोला, वहिनींना बजावलं. "एकदाच विचारायचं. 'नको' म्हणाले की डिश उचलायची. चहा अर्धा कप."

"अवो, पाव्हणं उपाशी जात्याल की!"

"पेठेत असंच असतं."

बिचाऱ्यांनी ऐकलं. मुलाच्या आईने रीतीप्रमाणे पहिलं "नको" म्हटलं आणि डिश गेली.

संध्याकाळी त्या माउलीचा मला फोन. "मोठी माणसं हो ती. आमचं येणं जड झालेलं दिसलं त्यांना. हे स्थळ नको."

तिकडे अश्विनी रडून रडून बेजार. पेठेत माझा जन्म गेला, पण पहिलं "नको" म्हणजे "अजून एकदा म्हणा", एवढं साधं मी विसरले! इतकी लाज वाटली की सांगता सोय नाही. शेवटी मुलाच्या आईला फोन करून कबूल केलं, "अहो, ती शिकवणी माझी होती."

पलीकडून प्रश्न आला, "आणि याचे लोक तुम्हाला पैसे देतात?"

पण रविवारी मंडळी पुन्हा आली.

"आता काय शिकवताय?" तात्यांनी विचारलं.

"काही नाही. मी स्वयंपाकघरात बसते."

वहिनींनी पुरणपोळ्या वाढल्या. मुलाचे वडील ताटावर हात आडवा धरून "पुरे, पुरे" म्हणत राहिले आणि वहिनी बोटांच्या फटीतून तूप सोडत राहिल्या. त्याच दिवशी सुपारी फुटली.

लग्नात वहिनी स्वतः जिलब्या घेऊन माझ्या पानाशी आल्या. सवयीने मी म्हणाले, "नको."

"बरं," म्हणाल्या, आणि पुढच्या पानाकडे वळल्या.

तेव्हापासून ग्रूमिंग बंद आहे. आणि कोणी काही विचारलं, तर मी पहिल्याच वेळी "हो" म्हणते.