सूपवालीचे दोन फ्री थ्रो

उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता. सकाळी वेणी घालताना ते कळलं. भारताच्या मुलींच्या बास्केटबॉल संघातून मी पहिल्यांदाच परदेशात खेळायला आले होते, आणि स्पर्धेतला आमचा शेवटचा सामना त्याच संध्याकाळी यजमान संघाशी होता. आदल्या दिवशी खेळताना पडले, तेव्हा फारसं दुखलं नव्हतं; आता हात जरा वर नेला की डोळ्यांपुढे अंधारी येत होती. तोवरचे सगळे सामने आम्ही हरलो होतो. बरोबर आलेल्या अधिकाऱ्यांनी जेवणाच्या टेबलावर शांतपणे सांगून टाकलं होतं, की हाही सामना हरलात तर पुढच्या वेळी मुलींचा संघ पाठवायचा की नाही, याचा विचार करावा लागेल. संघात फ्री थ्रो सहसा न चुकवणारी मीच. आमच्या कप्तान दीदींनी विचारलं, "कंधा ठीक है ना?" मी म्हटलं, "हां दीदी, एकदम." खोटं बोलायला मला कधी वेळ लागला नाही. याहून मोठं खोटं मी नागपुरातच बोलून बसले होते.

ते आधी सांगते. मी कुहीकडच्या एका खेड्यातली, धान पिकवणाऱ्या घरातली. शिकायला म्हणून नागपुरात सक्करदऱ्याला मामांकडे राहिले आणि शाळेच्या मैदानावर बास्केटबॉल हाती लागला. पहिला फ्री थ्रो मी दोन्ही हातांनी खालून उडवला, सुपात धान पाखडतात तसा. चेंडू रिंगमधून बरोबर गेला, पण पोरी हसून हसून लोळल्या. त्या दिवसापासून माझं नाव 'सूपवाली' पडलं. राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर. वर्षभर हट्टाने एका हाताचा, डोक्यावरून टाकायचा शॉट घोटला आणि सगळ्यांची तोंडं बंद केली. पुढे एकदा आई इतवारीच्या बाजारात नवं सूप घ्यायला आली आणि ते डोक्यावर घेऊन सरळ मैदानावर मला बघायला आली. एका मुलीने विचारलं, ती बाई कोण? मी म्हटलं, "आमच्या गावची आहे." आई चार पावलांवर उभी होती. तिने ऐकलं. पदराला बांधून आणलेले मुरमुऱ्याचे लाडू माझ्या हातात दिले आणि गाडीची वेळ झाली म्हणून निघून गेली. त्यावर आम्ही दोघी पुढे कधी बोललो नाही.

परदेशी निघाले तेव्हा ती नागपूर स्टेशनवर आली होती. आमच्या गावाबाहेर कडुलिंबाखाली मातामाय आहे, शेंदूर लावलेले दोन दगड. नवं धान आलं की पाखडून पहिलं सूप तिच्यापुढे ठेवायचं, मगच घरात चूल पेटायची. त्या सुपातले मूठभर तांदूळ आईने पुरचुंडीत बांधून आणले होते. "घाबरू नको वं," ती म्हणाली. "मातामायले द्याचं तं ते देते. आपण पदर पसरावा, काय पडते ते मंग पाहावं." मला हे पटलं नाही. पदर पसरायचा तर काय हवं ते नीट सांगायला नको का?

म्हणून त्या सकाळी मी नीट सांगितलं. पुरचुंडी मुठीत धरून मातामायला म्हटलं, संध्याकाळपर्यंत माझा खांदा बरा कर, दुसरं काही नको. ती प्रार्थना नव्हती, दमच दिला होता मी. खांदा काही बरा झाला नाही. मग मी तिच्यावर चिडले, हे लिहायला आज लाज वाटते, पण चिडले खरी. कोणी रडताना पाहू नये म्हणून आमच्या मुक्कामाच्या वसतिगृहाच्या मागच्या अंगणात गेले. तिथे स्वयंपाकघराच्या दाराशी एक म्हातारी तांदूळ पाखडत बसली होती. तिचं सूप गोल होतं, आपल्यासारखं एका बाजूने उघडं नव्हतं, पण आवाज अगदी तोच. तो ऐकून मला जास्तच रडू आलं. तिची भाषा मला येत नव्हती आणि माझी तिला. तिने माझ्याकडे पाहिलं, सरकून जागा केली आणि मी बसल्यावर सूप माझ्या मांडीवर ठेवलं. रिकाम्या हातांनी रडण्यापेक्षा काम करत रडलेलं बरं, असं तिला वाटलं असेल.

मी पाखडू लागले. किती वर्षांत सुपाला हात लावला नव्हता, पण हात विसरले नव्हते. कोपरं अंगाशी, मनगटांना झटका, तांदूळ वर जाऊन पुन्हा जागच्या जागी. बराच वेळ गेल्यावर ध्यानात आलं, की खांदा दुखत नाहीये. दुखायला तो वर जातच नव्हता. माझे हात तिथेच थांबले. माझा पहिला फ्री थ्रो असाच तर गेला होता. म्हातारी हसली, माझ्या तळहातावर चार दाणे ठेवले आणि सूप काढून घेतलं.

मी तशीच उठून दीदींकडे गेले आणि खरं काय ते सांगितलं. त्या आधी भरपूर रागावल्या. मग आमच्या कोच सरांशी बोलून म्हणाल्या, "बैठी रह. ज़रूरत पड़ी तो बुलाएँगे।" गरज अगदी शेवटी पडली. आमची एक मुलगी पाच फाऊल होऊन बाहेर गेली आणि मला आत पाठवलं. काही सेकंद उरले होते, आम्ही एका गुणाने मागे. चेंडू डाव्या हाताने घेऊन मी बास्केटकडे घुसले, कोणीतरी अंगावर आली, पंचांची शिटी वाजली. मला दोन फ्री थ्रो मिळाले.

रेषेवर उभी राहून मी चेंडू दोन्ही हातांनी गुडघ्यांशी नेला, तशी प्रेक्षकांत हशा पिकला. अगदी सक्करदऱ्यासारखा. हसणं सगळ्या देशांत सारखंच असतं. पहिला चेंडू रिंगवर गरगर फिरला आणि आत पडला. बरोबरी झाली. दुसऱ्या वेळी कोणी हसलं नाही. मातामायकडे काही मागावं, असं ओठांवर आलं होतं, पण मागितलं नाही. काय पडते ते पाहावं. मनगटांना झटका दिला आणि चेंडू रिंगला न शिवता जाळीतून खाली आला. उरलेल्या सेकंदांत त्यांचा शॉट हुकला आणि आम्ही जिंकलो. मुलींनी मला उचललं तेव्हा खांद्यातून कळ मस्तकात गेली, आणि मी वेड्यासारखी हसत होते. अधिकारीसाहेब टाळ्या वाजवताना मी या डोळ्यांनी पाहिले. पुढच्या वेळी मुलींचा संघ गेला.

ती म्हातारी पुन्हा दिसली का, असं लोक विचारतात. दिसली की. दुसऱ्या दिवशी तिथेच भांडी घासत होती. मी तिच्या पाया पडले तर गोंधळून गेली बिचारी. देवी भांडी घासत नाही, असं कोणी सांगितलंय?

नागपुरात आमच्या जुन्या मैदानावर सत्कार झाला. आई अगदी मागे, कुंपणाला टेकून उभी होती. कोणीतरी विचारलं, हा खालून टाकायचा शॉट कुठे शिकलात? मी खाली उतरले, तिचा हात धरून तिला मंचावर आणलं आणि म्हटलं, "ही माझी आई. शॉट हिचा आहे." आई संकोचून म्हणाली, "मी तं बॉलले कधी हातबी नाही लावला, बाई." सगळे हसले. त्या गडबडीत ती माझ्या कानाशी वाकली. "मंग आता मी गावची बाई नाही ना वं?" आवाजात थट्टा होती, डोळे भरलेले होते. मी तिथेच, सगळ्यांसमोर, तिच्या गळ्यात पडून रडले.

त्या वर्षीचं नवं धान मी स्वतः पाखडलं आणि पहिलं सूप मातामायपुढे नेऊन ठेवलं. मी फक्त खांदा मागितला होता. तो तिने दिला नाही, आजही पावसाळी हवेत ठणकतो. जे मागायला तोंड उघडायची माझी लायकी नव्हती, ते मात्र न मागता पदरात घातलं. सवयीने काहीतरी मागावं म्हणून डोळे मिटले. आई शेजारी उभी होती. मागायचं काही आठवेना, म्हणून नुसता पदर पसरला.