फोटो डब्यात, डबा एसटीत

हातातला चहा आधी खाली ठेवा बरं. मी आता माझी जी फजिती सांगणार आहे, ती ऐकताना आमच्या साडूंनी बशीभर चहा स्वतःच्या पांढऱ्या सदऱ्यावर ओतला होता. धुण्याचा खर्च मी देत नसतो.

तर आमचं पाथरीत मोटार रिवायंडिंगचं दुकान. तालुक्यातल्या निम्म्या विहिरींच्या मोटारी माझ्या हाताखालून गेल्यात. बंद मोटार आमचा उंबरा चढली की भीतीनंच सुरू होते, असं लोक म्हणतात. लोक म्हणजे मीच, पण म्हणतात! असा माणूस कॉम्प्युटरला घाबरेल का?

पोरगा नोकरीला पुण्याला गेला आणि त्याचा जुना कॉम्प्युटर मागं राहिला. त्याच्यात आमचा एक फोटो होता. मंडळी, फोटो कसला, आमचं अख्खं बालपण होतं ते!

आमच्या गावाला रेल्वे नाही. नववीत असताना वाघमारे गुरुजींनी वर्गाला विचारलं, "रेल्वे कोणीकोणी पाहिली रे?" तीनच हात वर. गुरुजींनी आमची सहल काढली, पिंगळीच्या स्टेशनावर! लोक किल्ले बघतात, लेणी बघतात, आम्ही दिवसभर फलाटावर बसून गाड्या बघितल्या. मालगाडीचे डबे मोजताना दोन पोरांची मारामारी झाली. गुरुजींच्या बायकोनं, आम्ही त्यांना बाईच म्हणायचो, टोपलंभर भाकरी, ठेचा आणि शेंगदाण्याची चटणी आणली होती. आम्ही फोटोला उभे राहिलो आणि नेमकी एक्स्प्रेस धडधडत गेली. बाईंचा पदर उडाला, बाई खळखळून हसल्या, आणि गुरुजींच्या मेहुण्यानं कळ दाबली.

बाई जाऊन आता बरीच वर्षं झाली. गुरुजींच्या घरी भिंतीवर बाईंचा एकच फोटो, तोही रेशनकार्डाला काढावा तसा गंभीर. हसरा असा हा एकच. मूळ प्रत वाळवीनं खाल्ली, पण पोरानं आधीच तो कॉम्प्युटरमध्ये घेऊन पहिल्याच पडद्यावर ठेवला होता. परभणीत आमच्या वर्गाचा मेळावा ठरला. गुरुजींची नजर अधू झालेली. सगळ्यांनी ठरवलं, हा फोटो भिंतीएवढा करायचा, म्हणजे गुरुजींना बाई हसताना दिसतील.

परभणीतला फ्लेक्स छापणारा आमच्याच वर्गातला सलीम. मेळाव्याच्या आदल्या दिवशी सकाळी त्याचा फोन.

"मोबाईलवरून पाठवू नको बे, मोठा केला की नुसते चौकोन दिसतेत. पेन ड्राइव्हमधी टाक अन् एसटीसंगं दे पाठवून. दुपारपत्तोर पायजे."

"माऊसनं ओढून टाकू?"

"बिलकूल न्हाई! वयनीच्या भाचीच्या लग्नाचे फोटो असेच ओढता ओढता सांडले ना तू?"

खरं होतं. ओढताना माझं बोट सुटलं आणि अर्धं लग्न कुठल्या फोल्डरात पडलं, ते आजपर्यंत सापडलं नाही. बायको अजून म्हणते, "नवरदेव सापडला का हो?"

"मंग ऐक," सलीम म्हणाला. "फोटोवर एकदा टिचकी मार. कंट्रोल अन् एक्स दाब, म्हंजे कट. मंग पेन ड्राइव्ह उघड, कंट्रोल अन् व्ही दाब, म्हंजे पेस्ट. फोटो हिथून उठला, तिथं बसला. ओढायचं कामच न्हाई."

मी टिचकी मारली. कंट्रोल, एक्स. आणि काय सांगू, पडद्यावरचा फोटो एकदम फिकट पडला! चार दिवस ताप आल्यासारखा.

आता पेन ड्राइव्ह. तो कुठं? थोरल्या भावाच्या ट्रॅक्टरमध्ये, गाणी वाजवायला. आणि ट्रॅक्टर कुठं? देवालाच ठाऊक.

मग माझं मोटारवालं डोकं चाललं. फोटो फिकट पडला, म्हणजे त्यातला माल निघाला. निघाला तर गेला कुठं? टिचकी कशानं मारली? माऊसनं! माऊसच्या वायरीचं टोक बघितलं, तर हुबेहूब पेन ड्राइव्हसारखं. मग पेन ड्राइव्हची गरजच काय? फोटो माऊसमध्ये आलेलाच आहे की! सलीमनं फक्त टोक खुपसायचं आणि कंट्रोल व्ही दाबायचं.

मी माऊस हलकेच उपसला, कापसात गुंडाळला, स्टीलच्या डब्यात ठेवला आणि परभणीच्या गाडीवर नेला. आमच्याकडं परभणीत शिकणाऱ्या पोरांचे डबे एसटीनंच जातात, त्यामुळे ड्रायव्हरला नवल नव्हतं.

"वरण हाय का?"

"न्हाई, फोटो हाय. आडवा करू नका."

त्यानं डबा कानाशी हलवला. "लय वाजायलाय की हो तुमचा फोटो."

"गुरुजींच्या बाई हायेत आत. सांभाळून न्या!"

ड्रायव्हरनं डबा मांडीवर घेतला आणि गाडी सुटेपर्यंत माझ्याकडं बघत राहिला.

घरी येतो तोच लाईट गेली. पाच मिनिटांनी आली. कॉम्प्युटर चालू करून बघतो, तर फोटो पुन्हा लख्ख! मघाचा फिकटपणा गायब! मी बोंबच ठोकली.

"काय झालं?" बायको धावत आली.

"अगं, फोटो परत आला!"

"मंग बरंच झालं की."

"बरं काय? विहिरीत पाइपाच्या बुडाला फूटव्हॉल्व्ह असतो. तो गळका असला तर लाईट गेल्याबरोबर पाइपातलं पाणी परत विहिरीत. ह्या माऊसला फूटव्हॉल्व्हच न्हाई! बाई वाटेतून माघारी फिरल्या! सलीमला रिकामा डबा पोचणार!"

बायकोनं माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

फोनाफोनी करायला वेळ कुणाकडं होता? मी कॉम्प्युटरचा पडदा, डबडं, कीबोर्ड, सगळ्या वायरी चादरीत बांधल्या आणि परभणीच्या जीपमध्ये चढलो. डबडं मांडीवर, पडदा छातीशी. मानवतपर्यंत शेजारची म्हातारी नुसती बघत होती. शेवटी तिला राहवलं नाही.

"काय हाय रं लेकरा?"

"फोटो हाय, मावशी."

"आन् येवढी मोठी फ्रेम?"

सलीमच्या दुकानात पोचलो तेव्हा तो डबा उघडा ठेवून, माऊस शेपटीला धरून बसला होता.

"अबे, पेन ड्राइव्ह बोला था ना? ये कायकू भेजा? अन् कापूस कायकू लावला, जखम झाली का याला?"

मी सगळं सांगितलं. फूटव्हॉल्व्हपर्यंत आलो आणि सलीम खुर्चीवरून खाली उतरून जमिनीवर बसला. खुर्चीवर हसणं त्याला झेपेना.

"येड्या," डोळे पुसत तो म्हणाला, "कट केलं म्हणून फोटो कुठंच जात न्हाई. पाहुणा जायचं म्हणून पिशवी भरून बसतो ना, तसा फिकट होऊन बसतो. पेस्ट केलं की उठतो. लाईट गेली, जायचं रद्द, पिशवी खाली."

त्यानं तोच माऊस माझ्या डबड्याला जोडला. टिचकी, कंट्रोल एक्स, त्याच्या पेन ड्राइव्हमध्ये कंट्रोल व्ही. झालं! ज्याच्यासाठी मी अर्धं घर जीपमध्ये घालून आणलं, ते काम शिंक यायच्या आत झालं. आणि फ्लेक्स छापला गेला, दुपार टळायच्या आत!

दुसऱ्या दिवशी गुरुजींना त्या फोटोसमोर नेलं. भिंतभर फलाट, भिंतभर आम्ही, आणि मधोमध पदर सावरत हसणाऱ्या बाई. गुरुजी पार जवळ गेले. बाईंच्या चेहऱ्यावरून त्यांनी हात फिरवला.

मग आमच्याकडं वळून त्यांनी विचारलं, "कुणी आणला रे हा?"

सलीमच्या तोंडात तीळ भिजेल तर शपथ! डबा, ड्रायव्हर, म्हातारी, फूटव्हॉल्व्ह, सगळं त्यानं माईकवरून सांगितलं. हॉल हसून लोटपोट. मी खुर्चीखाली जागा शोधत होतो.

गुरुजी हसले नाहीत. मला जवळ बोलावलं, पाठीवर हात ठेवला. मला वाटलं, आता आशीर्वाद! मी वाकलोसुद्धा.

गुरुजी फ्लेक्सकडं वळले आणि बाईंना म्हणाले, "बघ गं. नववीला विज्ञानात नापासच करणार होतो ह्याला. 'पोरगं हुशार हाय, जाऊ द्या वर' असं तूच म्हणाली होतीस."