शिवमूर्ती सरांचं शिंकं

नायगावच्या आमच्या शाळेत शिवमूर्ती सर मराठी शिकवतात आणि तालुक्यात कुठंही माईक दिसला की त्याच्यामागे जाऊन उभे राहतात. निरोप समारंभ असो की बोअरचं उद्घाटन, सूत्रसंचालन सरांचंच. मूळचे ते शिरूर अनंतपाळचे. बदली होऊन आले तेव्हा एका हातात ऑर्डर आणि दुसऱ्या हातात माईक होता, असं मी स्टाफरूममध्ये सांगतो. सरांना ते कौतुक वाटतं.

हेच सर अकरा वर्षांपासून ब्लॉग लिहीत होते. गावाकडच्या जुन्या वस्तू कशा करायच्या, हा विषय. वाचक मोजून दोन. एक मी, कारण शुद्धलेखन मला तपासावं लागे. दुसरी लातूरला शिकणारी त्यांची मुलगी शिवांगी, कारण रविवारी फोनवर तिला अभिप्राय विचारला जाई.

मग एक लेख चुकून गाजला. दह्यादुधाचं भांडं आढ्याला टांगायचं शिंकं कसं विणावं, यावर सरांनी चौदाशे शब्द लिहिले होते. ‘उजव्या पदरास डाव्या पदराच्या अंतरंगातून अलगद मार्गस्थ करावे’, असं त्यात गाठीचं वर्णन. तीनशे लोकांनी वाचलं आणि खाली सगळ्यांचं एकमत: ‘सर, समजलं नाही.’ शिवांगीनं सांगितलं की बाबा, गाठ वाचून कळत नसते, व्हिडिओ करा. सर दुसऱ्या दिवसापासून लेखकाचे निर्माते झाले.

अडचण एवढीच होती की ती गाठ सरांना स्वतःला येत नव्हती. ती येत होती सरजामावशीला. मावशी मुदखेडजवळच्या माझ्या गावात आमच्या शेजारी राहते, वय ऐंशीच्या पुढं. अंबाडी आता लोक भाजीपुरतीच लावतात. तिची ताटं उंच होऊ द्यायची, पाण्यात कुजवायची, सोलून दोरीसाठी वाख काढायचा, एवढा उद्योग कोण करतो? मावशीकडं वाखाची एकच जुडी उरली होती आणि नजरही मंदावली होती. एवढं एक शिंकं करते आणि मग बस, असं तिनं मला बजावलं होतं. म्हणजे ती गाठ टिकायची असेल तर याच जुडीत टिकणार होती. हे मी सरांना दोनदा सांगितलं. सरांनी दोनदा मान हलवली.

मी म्हटलं होतं, आपण दोघं जाऊ, फोन धरू, तासाभरात परत येऊ. पोचलो तर मावशीच्या अंगणात मंडप आणि मागे फ्लेक्स. त्यावर सरांचा फोटो, सरपंचांचा फोटो आणि ते रुसू नयेत म्हणून माजी सरपंचांचाही. मावशीचा तेवढा नव्हता.

आमच्याकडं कार्यक्रमात एखाद्याचं नाव घ्यायचं राहिलं तर तो माणूस पाच वर्षं तोंड फिरवून जातो. सरांचा सगळा जन्म नावं घेण्यात गेलेला. त्यामुळं दीपप्रज्वलन झालं, प्रास्ताविक झालं आणि सत्कार सुरू झाले. सोसायटीचे चेअरमन, मुख्याध्यापक, मंडपवाला. फोन आपल्यावरून हलवायचा नाही, असा मला सरांचा हुकूम होता. त्यांच्या पाठीमागे मावशी ओला वाख मांडीवर घेऊन बसली होती. मला दिसत होतं. मी बोलायला पाहिजे होतं. पण सत्काराच्या यादीत ‘छायाचित्रणकार श्री. धम्मानंद’ असं माझंही नाव होतं आणि फुकटची शाल मलाही गोड लागते. नाव पुकारल्यावर मी फोन सोयाबीनच्या पोत्यावर ठेवला आणि नारळ घ्यायला गेलो.

सत्ताविसाव्या मिनिटाला सर म्हणाले, आता मुख्य विषयाकडे वळू या. आणि वळले. मावशीच्या मांडीवर शिंकं तयार होतं.

“कवर वाट पाहू, सर? वाख वाळून चालला व्हता,” ती म्हणाली.

तोवर नारळही संपले होते. तिच्या वाट्याला नुसत्या टाळ्या आल्या.

सरांनी व्हिडिओ तसाच टाकला. भाषणं चांगली झाली होती, असं त्यांचं मत. आणि पहिल्यांदाच लोकांनी दुसरं काही लिहिलं. झालं असं की पोत्यावरचा फोन कलंडला होता आणि चौदाव्या मिनिटाला चाळीस सेकंद फक्त मावशीची बोटं दिसत होती. मग सर येऊन पुढं उभे राहिले. खाली पहिलाच अभिप्राय: ‘सर, जरा बाजूला सरका.’ त्याच्याखाली तेच. दोनशे माणसांचं तेच.

सरांनी ते सगळे स्टाफरूममध्ये बसून वाचले. मला आधी हसू आलं, मग स्वतःची लाज वाटली. शाल तर मीही पांघरून आलो होतो आणि मावशीकडं आता वाख नव्हता.

रविवारी आम्ही परत गेलो. मंडप नाही, फ्लेक्स नाही. सर अंगणात उभे राहिले आणि त्यांना सुरुवात कशी करावी ते सुचेना. असं मी कधी पाहिलं नव्हतं. मावशीनं खुंटीवरचं शिंकं काढलं, त्यावर पाणी शिंपडलं.

“उसवून परत इणते म्या. पर एकडावच. दुसऱ्यांदा उसवलं तर वाख तुटतो,” ती म्हणाली. “अन् सर, तुम्ही बोलू नका.”

तो व्हिडिओ अकरा मिनिटांचा आहे. त्यात मावशीची बोटं आहेत, वाख आहे आणि सरांचा एक शब्द नाही. त्यांचे ओठ हलत होते, मी डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहत होतो, पण आवाज काही फुटला नाही. शेवटची गाठ बसली आणि चित्रात बाजूनं एक हात आला. त्या हातात नारळ होता. पिशवीत लपवून आणला होता माणसानं. मला वाटलं, फोन फेकून मारावा.

मावशीनं वर पाहिलंसुद्धा नाही. नारळ घेतला, शिंक्यात ठेवला आणि उचलून दोनदा हिसका दिला.

“धरतंय,” ती म्हणाली.

सरांनी आजवर शेकडो नारळ दिले असतील. कामाला आलेला मला एवढाच माहीत आहे.