टाकीचं कपलिंग

आणीबाणीच्या आधीच्या उन्हाळ्यात वाशिमच्या आमच्या घरची संडासाची टाकी भरली. उपसायला पंप मिळाला, पण त्याची नळी टाकीच्या पाइपाला बसेना. दोन्ही जोडणाऱ्या कपलिंगसाठी मी शेलूबाजार, कामरगाव पालथं घातलं. शेवटी वाशिमातच एका दुकानदाराने एक काढून दिलं.

"लावून पाहतो, नाही बसलं तर परत आणतो," म्हटलं.

"कायले पाह्यजे?"

सांगितलं. त्याने ते हातातून हिसकावलंच.

"बाटलेलं वापस कोन घेईन? अन् एवढी यातायात कायले करून राह्यले? माणूस उतरवा ना टाकीत!"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. लोखंड बाटतं, माणूस बाटत नाही?

"उतरवतो ना," म्हटलं. "शेठ, धोतर खोचा अन् चाला माह्यासंगं."