अफ्रियेचा धाक

कुमासी शहराच्या त्या वस्तीत अफ्रिये दिसली की आधी पोरं पळायची, मग त्यांच्या आया. पोरं सुईला भिऊन, आया तिच्या जिभेला. शहरातल्या मुलांना हिवताप येतो कुठून, हे शोधणाऱ्या डॉक्टरांसाठी ती घरोघर फिरून रक्ताचे थेंब गोळा करायची. "मुंगी चावली रे, मुंगी!" असं म्हणत पोराला हसवायची, बोट टोचायची आणि आईकडे वळून विचारायची, "याला गावी नेलं होतं का?"

सगळं त्या प्रश्नावर होतं. वस्तीत हिवताप जवळपास नव्हताच. ज्याच्या रक्तात सापडे, ते पोर बहुतेक वेळा गावाकडून आलेलं असे. गावी कुणाची मयत असली, की इथली घरंच्या घरं पोराबाळांसकट निघायची.

कुणी "हो" म्हणालं, की अफ्रियेच्या तोंडाचा पट्टा सुटायचा. "मच्छरदाणी नेलीस? नाही ना? मेलेल्या म्हातारीला निरोप द्यायला जिवंत पोर कशाला लागतं गं तुला?" बाई बिचारी मान खाली घालायची. अफ्रियेच्या मनात वाईट नव्हतं, पण तिच्यासमोर उभं राहणाऱ्याला ते कळायचं कसं?

नवरा ताकोराडीला ट्रक चालवायचा आणि मनात आलं की उगवायचा. घरात ती, तिची आई अब्राफी आणि तीन वर्षांची लेक पोकुआ. पोरीला नाव दिलं होतं अब्राफीच्या थोरल्या बहिणीचं. ती बहीण गावी वारली होती आणि तिचं वर्ष आलं होतं. अफ्रियेला सुट्टी नव्हती. अब्राफी नातीला घेऊन निघाली, तेव्हा अफ्रियेनं बजावलं, "पोरीला वाटेत टाफोला, शहरातच, मावशीकडे ठेव आणि तू एकटी पुढे जा. गावच्या डासांना माझ्या लेकीचं रक्त पाजू नकोस."

"बरं बाई," अब्राफी म्हणाली. पण बहिणीच्या नावाची पोर बहिणीच्याच वर्षाला नसावी, हे तिला सोसेना. गेलेल्या जिवाला काय वाटेल? ती टाफोला उतरलीच नाही. एक रात्र तर राहायचं होतं.

परतल्यावर पोकुआ बकऱ्यांच्या गोष्टी सांगत सुटली. बकऱ्या काय, कुमासीतही गल्लोगल्ली फिरतात. अफ्रियेला शंका आली नाही.

दोनेक आठवड्यांनी पोरीचं अंग तापलं. अंगणातली सगळीच पोरं तेव्हा खोकत होती. तरी अफ्रियेनं विचारलं, "आई, हिला गावी नव्हतं ना नेलं?"

अब्राफी जेवणाच्या फुफूसाठी उकडलेले कंद कांडत होती. तिनं मुसळ थांबवलं नाही. "नाही गं. टाफोलाच होती."

म्हणजे सर्दीचा ताप; रक्त तपासायचं कारणच नव्हतं. अफ्रियेनं तापाचं औषध पाजलं, ओल्या फडक्यानं अंग पुसलं आणि पिशवी खांद्याला लावून दुसऱ्यांच्या पोरांची बोटं टोचायला गेली. दुसऱ्या दिवशीही तेच. संध्याकाळी आली, तेव्हा पोकुआला झटके येत होते.

दवाखान्यात डॉक्टरांनी सुई टोचता टोचता विचारलं, "गावी गेली होती?"

"नाही," अफ्रिये ठामपणे म्हणाली.

मागून अब्राफीचा आवाज आला. "नेली होती गं. मीच नेली होती."

डॉक्टरांनी उपचारांत कसूर केली नाही, पण उशीर झाला होता. उजाडायच्या आत पोकुआ गेली.

अफ्रिये आईला एका शब्दानं बोलली नाही. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं, असं अब्राफीला वाटे. एका खोलीत दोघी, आणि रांधलेलं तसंच झाकून राहायचं.

मग अफ्रिये कामावर परत गेली. एका घरी आजीच्या मांडीवर पोरगा तापानं फणफणला होता. अफ्रियेनं नेहमीचं विचारलं. आजीनं आधी सुनेकडे पाहिलं, मग अफ्रियेकडे, आणि घाईघाईनं म्हणाली, "नाही, नाही. गावी कशाला नेऊ?"

हे असं "नाही" तिनं किती दारांत ऐकलं असेल आणि खरं मानून पुढे गेली असेल! ती आजीशेजारी जमिनीवरच बसली. "आजी, मी ओरडणार नाही. काही म्हणजे काही बोलणार नाही. मला खरं सांगा."

आजीच्या डोळ्यांत पाणी आलं. "शेतावर नेलं होतं, बाई. चार दिवस. सुनेला म्हटलं, त्या सिस्टरला सांगू नकोस, ती फाडून खाते."

पोराच्या रक्तात हिवताप निघाला. अफ्रिये स्वतः त्याला उचलून दवाखान्यात घेऊन गेली.

घरी आली ती सरळ आईसमोर जाऊन बसली. "मी विचारलं, तेव्हा का नाही सांगितलंस?"

कितीतरी दिवसांनी लेकीचा आवाज ऐकून अब्राफी दचकली. "तू रागावली असतीस."

"हो, रागावले असते," अफ्रिये म्हणाली. "खूप रागावले असते, आई. आणि मग औषध दिलं असतं."