उंदरांचे मामा

पिंजऱ्यात हात घालण्याआधी मामा तो सदऱ्याला दोनदा पुसायचे आणि म्हणायचे, "ये रे बाबा, ये. भिव नको." उंदीर मुकाट्याने यायचा. तोच उंदीर आमच्यापैकी कुणाला चावल्याशिवाय राहत नसे. माझ्या अंगठ्यावर अजून खूण आहे, हवी तर दाखवतो.

साठ सालानंतरची गोष्ट. मालवणात एका भाड्याच्या घरात आमची छोटी प्रयोगशाळा होती. आंब्याच्या मोहोरावर तुडतुडे पडतात, त्यांच्यासाठी नवं कीटकनाशक आलं होतं. ते रोज थोडंथोडं अंगावर पडत राहिलं तर मेंदूचं काय होतं, हे आम्ही पांढऱ्या उंदरांवर पाहत होतो. मामा जवळच्या देवबागचे; सगळेच त्यांना मामा म्हणत. उंदरांना खाऊ घालणं, पिंजरे धुणं आणि रोज सकाळी एकेकाच्या पाठीवर, केस कापलेल्या जागी, औषधाचा थेंब चोळणं हे त्यांचं काम. होते रोजंदारीवर, पण रविवारीही हजर. उंदरांना रविवार कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील.

दर पंधरवड्याला आठ उंदीर मारून त्यांचे मेंदू तपासायचे असत. त्या सकाळी मामा दाराशी नारळ ठेवून गाऱ्हाणं घालत. "बा देवा म्हाराजा, हे आठ जीव आज तुझ्याकडे येतत. तेंका कळ लागाक देव नको." आणि आम्ही शिकलेसवरलेले लोक मागे उभे राहून "व्हय म्हाराजा" म्हणत असू. आमचे साहेब तेवढ्यात पाठ फिरवून बाटल्या मोजायचे. नंतर खोबऱ्याचा तुकडा मात्र मागून घ्यायचे.

औषध चोळताना रबरी हातमोजे घालायचा नियम होता. मामांनी ते एकदाच घातले आणि उंदरांनी सगळं घर डोक्यावर घेतलं. "रबराचो वास येता तेंका. माका वळखनत नाय," मामा म्हणाले आणि मोजे खुंटीला गेले. मी काही बोललो नाही. बोलायला हवं होतं. पण घाबरलेल्या उंदरांची मोजमापं वेडीवाकडी येत, आणि मामांच्या हातातले उंदीर शांत असल्यामुळे माझे आकडे सुतासारखे सरळ येत होते. मला तेव्हा आकड्यांचीच काळजी होती.

मेंदूत एक एंझाइम असतं. नसेतून आलेला निरोप पोचला की तो पुसून टाकायचं त्याचं काम. हे औषध नेमकं त्यालाच जखडतं. तपासणीच्या नळीत जो पिवळा रंग येतो, तो जितका फिका, तितकं ते एंझाइम कमी. आमचा रंग महिन्यामागून महिना फिका होत चालला होता. आणि अंगावर काटा यावा अशी गोष्ट म्हणजे, उंदीर दिसायला ठणठणीत होते. खात होते, खेळत होते. पण अशा उंदराला एकदा जरा मोठा डोस मिळाला की तो तासाभरात आडवा व्हायचा. नवा उंदीर तेवढ्याच डोसाला तगून जायचा.

तिसऱ्या वर्षी मामांना घाम फार येऊ लागला. चहाची बशी हातात थरथरायची. समोरचं अंधूक दिसतं म्हणायचे. डोळ्यांतल्या बाहुल्या पाहिल्या तर टाचणीच्या डोक्याएवढ्या. मामांनी सगळं वयावर ढकललं. मी साखर तपासतो असं खोटंच सांगून त्यांचं रक्त काढलं, कारण तसलंच एंझाइम रक्तातही असतं. नळीतला रंग पाहून मी तपासणी पुन्हा केली, तिसऱ्यांदाही केली. मामांची नळी उंदरांच्या नळ्यांत मिसळली असती तर मला वेगळी काढता आली नसती.

साहेबांनी नळी खिडकीशी नेऊन पाहिली. मग म्हणाले, "त्यांना उद्यापासून बंद करा. आणि हे कुठे लिहू नका, बोलू नका." मामांना काम कमी झाल्याचं कळवण्यात आलं.

ते माझ्याकडे आले. "भाऊ, माजा काय चुकला?"

मी खरं कारण सांगितलं नाही. म्हटलं, तुमचं काही चुकलं नाही, थोडी विश्रांती घ्या. त्यावर त्यांनी एवढंच विचारलं की उंदीर आता कुणाच्या हाती जाणार. मला फार वाईट वाटलं. निदान कुठे शिपायाची जागा मिळावी म्हणून मी सुवाच्य अक्षरात त्यांना एक चिठ्ठी लिहून दिली: इसम प्रामाणिक व मेहनती, कीटकनाशके हाताळण्याचा तीन वर्षांचा अनुभव. ते वाक्य लिहिताना माझा हात जरादेखील अडखळला नाही.

मोहोराचे दिवस सरल्यावर मी देवबागला गेलो. घरात मामी एकट्याच होत्या. मामांना जाऊन महिना झाला होता. खाडीपलीकडच्या आंब्याच्या बागेत, पिंपात फवारणीचं औषध कालवता कालवता ते खाली बसले, तोंडाला फेस आला आणि तासाभरात सगळं आटोपलं. झाडावरचं काहीतरी लागलं, असं लोक म्हणत होते.

मामींनी मला पाटावर बसवलं, गूळपाणी दिलं.

"तुमच्या चिठयेन मोठा काम केल्यान, भाऊ," त्या म्हणाल्या. "बागायतदारान वाचल्यान आणि त्याच दिवशी ठेवन घेतल्यान. बाकीचे गडी नुसते पंप मारीत. औषध कालवूचा काम हेंकाच दिल्यान. तो म्हणालो, हो माणूस जाणकार. तुमचे उपकार आमी विसरूचे नाय."

मी गूळपाणी संपवलं. मामींना काहीही न सांगता उठलो आणि मालवणची वाट धरली.