गाड्या ओवाळणारे मामेसासरे

भरधाव जाणाऱ्या वस्तूला हातही न लावता जागच्या जागी उभी करण्याची विद्या देवाने या पुणे शहरात एकाच माणसाला दिली आहे, आणि तो माणूस माझ्या बायकोचा सख्खा मामा आहे. सिग्नलच्या लाल दिव्याला ही विद्या अजून साधलेली नाही, हे आपण रोज बघतोच. मामांचं वय एकाहत्तर, वजन बावन्न किलो, आणि हयात गेली शाळेत भूमिती शिकवण्यात. स्वतः त्यांनी जन्मात दुचाकी चालवली नाही. सदाशिव पेठेतल्या घरून शाळेत चालत गेले आणि शाळेतून घरी चालत आले. पण शहराबाहेरच्या माळावर जिथे म्हणून मोटरसायकलींच्या शर्यती होतात, मातीच्या उंचवट्यांवरून पोरं गाड्यांसकट हवेत उडतात, तिथे मामा गेली चाळीस वर्षं फोटो काढायला हजर असतात. तेही कशाने, तर एका जुन्या जपानी, रोलच्या कॅमेऱ्याने. त्याला बॅटरी नाही, पडदा नाही, आणि फोकस आपोआप होण्याचा तर प्रश्नच नाही. मामा त्या कॅमेऱ्याला 'डबा' म्हणतात आणि लेन्सला 'काच'. मी सॉफ्टवेअरमधला माणूस, दर दोन वर्षांनी फोन बदलणारा. त्यामुळे सुरुवातीला मला हे सगळं म्हातारपणचं खूळ वाटलं होतं. नंतर त्यांनी काढलेला एक फोटो पाहिला आणि माझं तोंड बंद झालं. गाडीवरचा आकडा स्पष्ट, स्वाराच्या बुटाची बक्कलं मोजता येतील इतकी ठसठशीत, चाकांचे आरे मात्र विरघळलेले, आणि मागची झाडं, तंबू, माणसं सगळी आडवी वाहून गेलेली. गाडी पळते आहे हे त्यात दिसतं आणि ती थांबलेलीही असते. हे कसं जमतं ते मला अजून उलगडलेलं नाही, आणि मी विचारायचंही सोडून दिलं आहे.

डबा आणि त्यावरची दोनशे मिलिमीटरची काच, दोन्ही मामांनी बुधवार पेठेतल्या एका दुकानातून जुनीच उचलली होती. काचेच्या कडेला एक ओरखडा आहे. मी नवा जावई असताना आगाऊपणे म्हणालो, "मामा, लेन्सवर स्क्रॅच आहे." मामा शांतपणे म्हणाले, "तीट आहे ती. दृष्ट लागू नये म्हणून." पावसाळ्यात अशा जुन्या काचांना आतून बुरशी धरते आणि तिच्यावर कडक उन्हासारखं दुसरं औषध नाही, असं मामांचं शास्त्र. त्यामुळे उन्हाळ्यात मामी गच्चीवर कुरडया-पापड्यांचं वाळवण घालतात तेव्हा त्याच पलंगपोसाच्या एका कोपऱ्यात मामांच्या काचा वाळत पडलेल्या असतात. एका वर्षी ती मोठी काच पातेल्याच्या काठावर कललेली राहिली आणि साबुदाण्याच्या तीन पापड्यांना मोहरीएवढी भोकं पडली. मामींनी पुढे सहा महिने त्या तीन पापड्या वेगळ्या जपून ठेवल्या, दिवाळीत तळल्या आणि मामांच्या पानात वाढल्या. "तुमच्या काचेने केल्यात, तुम्हीच खा," एवढंच बोलल्या. मामांनी एक पापडी उजेडात धरली, भोक नीट न्याहाळलं आणि म्हणाले, "फोकस अचूक आहे." मग खाल्ली.

पण मामांची खरी कमाल त्यांच्या भाषेत आहे. धावत्या गाडीबरोबर कॅमेरा एका लयीत फिरवत नेऊन मधेच बटण दाबण्याच्या क्रियेला जगात काहीही म्हणत असोत, मामा तिला 'ओवाळणं' म्हणतात. हे मला ठाऊक नसताना एकदा त्यांचा फोन आला. "जावईबापू, रविवारी पहाटे सहाला या. एका मुलीला ओवाळायचंय. चांगली आहे मुलगी, पहिलाच प्रसंग आहे तिचा." आता यावर तुम्ही काय समजला असता? मी रेशमी झब्बा घातला. बायकोने हळदकुंकू, सुपारी, निरांजन असं साग्रसंगीत ताट कापडाने झाकून हातात दिलं. मामांनी दार उघडलं, मला खालपासून वरपर्यंत बघितलं आणि म्हणाले, "झब्बा उत्तम आहे. परत येताना रंग कुठला असेल ते बघू." तासाभराने मी माळावर मातीच्या वळणावर उभा होतो, हातात निरांजनाचं ताट, आणि समोरून ती चांगली मुलगी हेल्मेट घालून, माझ्या अंगावर पाटीभर धूळ उडवत, पहिल्याच शर्यतीत तिसरी येत होती. झब्बा पुढे आमच्याकडे गाडी पुसायला गेला.

मात्र त्या दिवशी मी मामांना काम करताना पहिल्यांदा पाहिलं. शर्यतीच्या आधी ते सगळा ट्रॅक चालून येतात आणि एक वळण निवडतात. वळणावरचा एक दगड धरून फोकस आधीच लावून ठेवतात आणि मग काचेवरच्या फोकसच्या कड्याला हात लावत नाहीत. पाय रोवायचे ते गाडी जिथे टिपायची त्या दगडाच्या दिशेने. कंबर मात्र मागे वळवलेली, गाडी जिकडून येणार तिकडे. गाडी आली की कंबर सुटत जाते, तिच्याबरोबर कॅमेरा, आणि पाय व नजर एका रेषेत आले की बोट. भूमितीच्या मास्तरला शोभेल असाच हा सगळा कारभार. तोही एका रोलवर, म्हणजे छत्तीस फोटोंत. "पत्रिकेत छत्तीस गुण असतात," मामा सांगतात, "त्यातले अठरा जुळले की लग्न लावतात आणि पुढे जन्मभर भांडतात. माझे दोन जुळले तरी मी सुखी." शेजारी हल्लीची पोरं तोफेएवढ्या लेन्स लावून उभी असतात, बोट ठेवलं की सेकंदाला वीसवीस फोटो. त्यांच्याकडे बघून मामा मला हळूच म्हणाले, "हे फोटो काढणं नव्हे, हे चहा गाळणं. गाळण्यात काहीतरी उरतंच." त्यांतल्या एकाने कौतुकाने विचारलं, "अंकल, हा कॅमेरा अजून चालतो?" मामा म्हणाले, "कॅमेरा उभा असतो. चालते ती गाडी."

असं सगळं मजेत चाललं असताना गेल्या दिवाळीत मामांच्या हातातली कपबशी वाजायला लागली.  मग मामांनी आपण होऊन बशी बंद केली, मग कपही बंद केला, आणि चहा स्टीलच्या पेल्यातून अर्धाच घ्यायला लागले. उजवा हात नुसता मांडीवर ठेवला तरी थरथरायचा. डॉक्टरांनी कंपवात सांगितला, गोळ्या दिल्या. मामांनी त्यावरही विनोद केला, "गाडीचा असा आवाज आला तर पोरं लगेच नटबोल्ट आवळतात. माझे कुठे आहेत ते डॉक्टरांना सापडत नाहीत." पण घरी आल्यावर त्यांनी डबा मऊ फडक्यात गुंडाळला, कपाटात ठेवला आणि कपाटाला किल्ली लावली. ओवाळायचं म्हणजे कॅमेऱ्याचं शटर सेकंदाचा तिसावा हिस्सा उघडं ठेवायचं, आणि तेवढ्या वेळात हात केसभर जरी हलला तरी फोटोचं पिठलं होतं. हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. पाच महिने ते कपाट उघडलं नाही. पुण्यात दोन शर्यती होऊन गेल्या, मामा गेले नाहीत. मला फार वाईट वाटलं. माणूस आजारी पडतो, म्हातारा होतो, ते एकवेळ मी समजू शकतो, पण मामा रविवारी सकाळी घरात पेपर वाचत बसलेले मला बघवेनात.

म्हणून मी माझ्या अकलेप्रमाणे एक उपाय केला. थरथर आपोआप शोषून घेणारा नवाकोरा कॅमेरा आणला आणि त्यांच्यापुढे ठेवला. मामांनी आठ दिवस तो इमानेइतबारे वापरला. तो समोर जे दिसेल त्यात चेहरा शोधून चौकोन काढायचा. देव्हाऱ्यातल्या गणपतीभोवती त्याने चौकोन काढला तेव्हा मामींना तो फार सज्जन वाटला. नवव्या दिवशी मामांनी कॅमेरा खोक्यात नीट भरून मला परत दिला. "फार हुशार आहे," म्हणाले. "त्याला माझी गरज नाही, आणि हे तो लपवतही नाही." मग म्हणाले, "जावईबापू, पुढच्या महिन्यात शर्यत आहे. डब्यात एक रोल घालतो. छत्तीसातला एकही जुळला नाही तर डबा जिथून आणला तिथे, बुधवारात देऊन टाकू. कुणीतरी वापरेल. कपाटात ठेवून बुरशी नको."

त्या शर्यतीला मामी पहिल्यांदाच आल्या, मामा पडतील बिडतील या भीतीने. चाळीस वर्षांत त्यांनी शर्यत पाहिली नव्हती आणि बघायची इच्छाही नव्हती. ट्रॅकच्या कडेला मामांनी डबा उघडला आणि रोल भरायला घेतला, पण फिल्मची ती बोटभर जीभ खाचेत जाईना. हात इतका कापत होता की एकदा रोलच खाली पडला. मी पुढे झालो, तर मामींनी मला डोळ्यांनीच थांबवलं. त्यांनी डबा दोन्ही हातांत घट्ट धरला, पोळपाट धरावा तसा, आणि मामांनी तिसऱ्या प्रयत्नात जीभ आत सारली. मी दुसरीकडे बघत राहिलो.

मग गाड्यांचा आवाज आला. मामांनी पाय रोवले, कंबर मागे वळवली, डबा डोळ्याला लावला. पहिली गाडी उंचवट्यावरून उडाली, वळणाकडे झेपावली, मामांची कंबर सुटत गेली, आणि खट्. तेवढ्यात मामींनी माझा दंड असा पकडला की वळ उठला. "बघितलंत?" त्या कुजबुजल्या. मी म्हणालो, "हो, पाच नंबरची होती." "गाडी नाही हो. हात बघा, हात." मी बघितला. दोन गाड्यांच्या मधल्या वेळात मामांचा उजवा हात डब्यावर थरथरत होता, झाडाचं पान हलतं तसा. पुढची गाडी दिसली, कंबर वळली, हात गाडीबरोबर निघाला आणि त्यातली थरथर गेली. पूर्ण गेली. बोट दाबलं गेलं, गाडी गेली, आणि थरथर परत आली. छत्तीसच्या छत्तीस वेळा असंच झालं.  तिथे शेदोनशे माणसं गाड्यांसाठी ओरडत होती आणि मामी एकट्या, पदर तोंडाला लावून, एका हाताकडे बघत होत्या.

मामांना मात्र यातलं काही माहीत नव्हतं. परतताना गाडीत ते म्हणाले, "गेला रोल. सबंध वेळ हलत होता." मामींनी मला गप्प राहायची खूण केली. फोटो आधी दिसू देत, असं त्यांचं म्हणणं. रोल मामा घरीच, न्हाणीघरात अंधार करून धुतात. यंदा रसायनाची भांडी मी हलवली आणि मामा बाहेर स्टुलावर बसून सूचना देत राहिले. फिल्म दोरीवर वाळली, मामांनी ती खिडकीच्या उजेडात धरली आणि भिंग लावून एकेक चौकट बघायला लागले. फिल्म टोकाला थरथरत होती, म्हणून मी ती खालून धरली. पहिल्या अकरा चौकटी भराभर पुढे सरकवल्या. बाराव्या चौकटीला भिंग काढलं, चष्मा पुसला, परत लावलं. पुढे एकोणिसावीला तेच. सगळं बघून झाल्यावर म्हणाले, "चार आहेत. आयुष्यात एका रोलवर चार कधी आले नव्हते. असं कसं होईल?"

मामी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "गाडी आली की तुमचा हात थांबतो."

"मला नाही जाणवलं."

"तुम्ही गाडीकडे बघत होता."

मामांनी स्वतःचा हात समोर धरला. तो हलत होता. बराच वेळ ते त्याच्याकडे बघत राहिले, दुसऱ्या कुणाचा असावा तसे.

पुढच्या खेपेला डॉक्टरांनी सांगितलं की या दुखण्यात असं होतं. हात रिकामा असला की जास्त थरथरतो, कामात गुंतला की काहींचा थांबतो. पण हा काही उपाय नव्हे, आणि दुखणं हळूहळू पुढे जाणारच, हेही त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं. डबा बुधवारात गेला नाही. शर्यती मात्र वर्षाकाठी दोनतीनच होतात. मधल्या दिवसांचं काय करायचं, हे मामींनी कुणालाही न विचारता ठरवलं.

आता रोज संध्याकाळी साडेपाचला मामा आणि मामी घराजवळच्या चौकात, फुटपाथच्या कोपऱ्यावर येऊन उभे राहतात. मामांच्या हातात डबा असतो, त्यात रोल नसतो. येणाऱ्या-जाणाऱ्या स्कूटरींना ते एकेक करून ओवाळतात. पुण्याची माणसं, त्यांना वाटतं दंडाचा फोटो निघतोय. आरशाला लटकवलेलं हेल्मेट चटकन डोक्यावर जातं, उलट्या बाजूने आलेले ओशाळून गाडी ढकलत नेतात. एक गृहस्थ तर थांबून भांडलेही, "कुठल्या अधिकारात फोटो काढताय?" मामा म्हणाले, "काळजी नको. तुमचा येत नाहीये."

परवा मी मुद्दाम त्या वेळेला गेलो. मामांनी माझ्याकडे लक्ष दिलं नाही, ते कामात होते. मामींना मी विचारलं, रोज असं उभं राहून तुमचे पाय दुखत नाहीत का.

"दुखतात की," मामी म्हणाल्या. "पण घरी तो हात थरथरताना दिवसभर बघावा लागतो हो, आणि मला नाही बघवत. इथे दहा मिनिटं तरी तो पहिल्यासारखा असतो."

तेवढ्यात कोपऱ्यावरून एक स्कूटर वळली, मामांनी कंबर मागे वळवली, आणि आम्ही दोघंही त्या हाताकडे बघायला लागलो.